माळी ठेवायचा, पण नेमका कशासाठी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंड पूर्वेला पाचव्या मजल्यावर तुमचं घर. दोन बाल्कन्या आणि एक बॉक्स ग्रिल मिळून ४२ कुंड्या. वीस वर्षं ही बाग तुमच्या सासूबाईंनी सांभाळली. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, खाली बसणं बंद झालं. तुम्ही दोघंही नोकरीला, म्हणून दर रविवारी येणारा माळी लावला. आता सहा महिने झाले, मे उजाडला, तर मोगऱ्याला कळी नाही, जास्वंदीवर पांढरा कापूस चढलाय आणि तुळस तिसऱ्यांदा गेली. माळी म्हणतो, सगळ्या कुंड्यांची माती बदलावी लागेल. तुम्ही विचारताय की माळी बदलावा का, चांगला माळी ओळखायचा कसा, किती वेळा बोलवायचा आणि पैसे किती द्यायचे.

मी सव्वीस वर्षं मुंबईत घरगुती बागांचं काम करतोय. दादरला एका जुन्या माळ्याच्या हाताखाली मातीच्या पाट्या उचलण्यापासून सुरुवात केली, आज माझ्याबरोबर चार जण काम करतात. माळ्याची अडचणही मला माहीत आहे आणि घरच्यांचीही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा माळी कामचुकार वाटत नाही. तो दर रविवारी येतो, प्रत्येक कुंडी खुरप्याने खणतो, झुडपं कापून गोल करतो, महिन्यातून एकदा औषध मारतो. म्हणजे तो भरपूर काम करतोय, आणि माझ्या मते बागेचं दुखणं तिथेच आहे. आठवड्याला येणाऱ्या माळ्याला प्रत्येक फेरीत काहीतरी केलेलं दाखवावं लागतं. मालक बघत उभा असतो, तासाचे पैसे मिळतात, आणि नुसती झाडं बघून माळी निघाला तर ‘हा काय करून गेला?’ असं घरात म्हटलं जातं. मग तो माती खणतो, कारण खणलेली माती दिसते. शेंडे कापतो, कारण कापलेलं झुडूप दिसतं. पण कुंडीतल्या झाडाला दर आठवड्याला असल्या कशाचीच गरज नसते.

तुळशीचंच बघा. तिची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या दोन-तीन इंचांत पसरलेली असतात. दर रविवारी खुरपं फिरलं की ती तुटतात, पुन्हा फुटतात, पुन्हा तुटतात. त्यातच मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर झाड सगळा जोर बियांवर लावतं आणि आपलं आयुष्य आटोपतं घेतं. तुळशीची माती पंधरा-वीस दिवसांतून एकदा बोटभर, तीही कुंडीच्या कडेने, मोकळी केली की पुरे. मंजिरी मात्र दिसली की खुडायची, आणि त्यासाठी माळी लागत नाही.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. डिसेंबर-जानेवारीत एकदा नीट छाटणी करायची, काही दिवस पाणी तोडायचं, मग खत देऊन पाणी सुरू करायचं आणि त्यानंतर कात्री लावायची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येही दर आठवड्याला शेंडे कापून झुडूप गोल ठेवलं असेल, तर तुमच्या कळ्या कात्रीतच गेल्या. अर्थात दुसरंही एक कारण असू शकतं. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. समोर नवा टॉवर उभा राहिला असेल किंवा सासूबाईंनी ठेवलेली कुंडी कुणी सोयीसाठी हलवली असेल, तर कितीही चांगला माळी आणला तरी फुलं येणार नाहीत. माळी ऊन आणू शकत नाही. उत्तरेकडची बाल्कनी असेल तर तिथे मनी प्लांट, फर्न, अरेका पाम लावायला सांगणारा माळी खरा, मोगरा विकून जाणारा नव्हे.

आता पाण्याबद्दल. सहा दिवस पाणी कोण घालतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या अनुभवात मुंबईतल्या कुंडीतली झाडं सर्वांत जास्त मरतात ती जास्त पाण्याने. पार्ल्याच्या एका घरी वर्षात तीन माळी बदलून झाल्यावर मला बोलावलं होतं. सकाळी आजोबा पाणी घालायचे, दुपारी कामाच्या मावशी, संध्याकाळी ऑफिसातून आलेली सूनबाई, आणि तिघांनाही वाटायचं की दुसरं कुणी घातलं नसेल. मुळं कुजली होती. मी तिथे औषध मारलं नाही की माती बदलली नाही. पाणी एकाच माणसाकडे दिलं आणि आधी बोट मातीत घालून बघायचं, एवढंच सांगितलं. दीड इंच खाली ओल लागली तर झारी परत ठेवायची. दोन महिन्यांत निम्मी झाडं सावरली. माळी चार रविवार येतो, झाडाला महिन्याचे तीस दिवस काढायचे असतात. पाणी ही घरातल्याच कुणाची तरी जबाबदारी राहते. ती माळ्यावर ढकलायची असेल तर त्याला रोज बोलवावं लागेल, आणि ४२ कुंड्यांसाठी रोजचा माळी परवडणारा नाही.

मग माळ्याला द्यायचं काय? ज्याला हात, पाठ आणि अनुभव लागतो असं काम. कुंडी बदलणं, मुळं छाटणं, कलम बांधणं, मोठी छाटणी, माती-खताची पोती वर आणून मिश्रण करणं. यातलं बहुतेक काम मुंबईच्या ऋतूंवर चालतं, रविवारांवर नाही. म्हणून तुमच्यासारख्या बागेला मी महिन्यातून दोन फेऱ्या आणि त्याशिवाय वर्षातून दोन पूर्ण दिवस सुचवतो.

पहिला पूर्ण दिवस पाऊस नीट लागल्यावर, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला. हवेत दमटपणा असतो, पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे उपटलेल्या मुळांना सावरायला वेळ मिळतो. जास्वंद, अनंत, कढीपत्ता, सोनचाफा यांच्या कुंड्या तेव्हा बदलायच्या. आत्ता मेमध्ये सगळी माती बदलू नका. माझ्या सुरुवातीच्या काळात दादरच्या एका आजींची बारा वर्षांची जास्वंद मी मे महिन्यात दुसऱ्या कुंडीत हलवली, कारण मला त्याच आठवड्यात वेळ होता. आठ दिवसांत ती वाळली. आजी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून पावसाआधी मी मोठ्या झाडाच्या मुळांना हात लावत नाही.

शिवाय सगळी माती एकदम बदलायची गरजही क्वचितच असते. ४२ पैकी दरवर्षी चौदा कुंड्या घेतल्या तर तीन वर्षांत फेरा पूर्ण होतो. नर्सरीतून आणलेलं रोप मात्र लगेच तपासायला हवं. ते बहुधा घट्ट लाल मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर पाणी बाजूने वाहून जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. तुमच्या तीन तुळशींपैकी एखादी अशीही गेली असेल. गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने मोकळा करायचा आणि मग लावायचा. मी साधारण चार भाग लाल माती, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट (म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घेतो. ग्रिलमधल्या कुंड्यांना कोकोपीट थोडं वाढवतो, कारण तिथे वजनाचा प्रश्न असतो. बारा इंची कुंडी नुसत्या मातीने भरून भिजली की वीस-पंचवीस किलो होते. पाचव्या मजल्यावरच्या ग्रिलवर अशा दहा कुंड्या म्हणजे काय भार होतो, ते एकदा मनात आणा. ग्रिलचे जोड गंजलेत का, हे माळ्याने नाही, वेल्डरने बघायचं असतं. आणि कठड्यावर सुटी ठेवलेली एकही कुंडी पावसाळी वाऱ्यात बाहेर राहू देऊ नका. खाली माणसं चालतात.

दुसरा पूर्ण दिवस ऑक्टोबर संपताना. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिन्यांत कुंडीतली माती बसते, खत धुऊन जातं, खालची भोकं बुजतात. तेव्हा माती मोकळी करायची, भोकं उघडायची, खत द्यायचं, गुलाबाची छाटणी करायची, हिवाळ्यातली फुलझाडं लावायची. मोगऱ्याची छाटणी त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी, नेहमीच्या फेरीत होते. ऐन जुलैच्या झडीत खत घालायला कुणी सांगितलं तर नको म्हणा, ते सरळ गटारात जातं.

बाकीच्या पंधरवड्याच्या फेऱ्यांत त्याने मुख्यतः बघायचं. पानं उलटून कीड बघायची, भोकं तुंबलीत का बघायचं, वाळलेलं काढायचं. मी ज्यांच्या बागा बघतो त्या घरच्यांना एक गोष्ट आवर्जून करायला सांगतो, ती तुम्हीही करा. माळ्याला सरळ सांगा, ‘दादा, एखाद्या दिवशी काही करण्यासारखं नसेल तर नुसतं बघून जा, पैसे तेवढेच मिळतील.’ मुंबईत बहुतेकदा हे हिंदीत सांगावं लागतं, पण सांगा. हे ऐकल्यावर माळ्याचा चेहरा कसा सैल होतो, ते मी पाहिलंय. त्यानंतर खुरपं आपोआप कमी चालतं. तुमच्या सध्याच्या माळ्याला काढण्याआधी हे सांगून दोन महिने बघावं, असं माझं मत आहे. तरीही तो दर फेरीला खणत आणि कापत राहिला, तर मग बदला.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांगही असणार. तो ढेकूण रस शोषून गोड चिकटा सोडतो आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, खाली कुंडीत पडू देऊ नका. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारा, आणि मग एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडासा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावं लागतं, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. महिन्यातून एकदाच औषध मारून हा जात नाही.

आणि ते औषध कोणतं, हे तुम्हाला माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. बाल्कनीत घरचे लोक श्वास घेतात, तिथेच कपडे वाळतात, कढीपत्ता आणि पुदिना थेट स्वयंपाकात जातो. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनी खूण असते आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. सर्वांत विषारी औषधाला लाल, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल आणि पिवळ्या खुणेचं औषध घरात येऊ देऊ नका. बिनलेबलच्या बाटलीत ओतून आणलेलं तर कुठलंच नको. मोनोक्रोटोफॉससारखं औषध भाज्यांवर वापरायला आपल्याकडे कधीच बंदी झालेली आहे, तरी सवयीने जहाल औषधं मारणारे हात अजून आहेत. त्यात माळ्याची लबाडी नसते, त्याला कुणी तसंच शिकवलेलं असतं, आणि तोंडाला रुमालही न बांधता ते विष आधी त्याच्याच छातीत जातं. फवारणीला हातमोजे आणि मास्क घरातून द्या. रासायनिक खताच्या दाण्यांचंही तसंच. मूठभर दाणे कुंडीत टाकले की मुळं भाजतात. तुमच्या बागेला ते न घातलेलेच बरे.

कुंड्यांखालच्या ताटल्यांकडेही बघा. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. माळी पंधरवड्याने येणार असल्यामुळे ताटल्या आठवड्यातून एकदा घरच्यांनीच ओतून कोरड्या करायच्या. पावसाळ्यात तर ताटल्या काढूनच ठेवा. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक तपासायला येतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस घरमालकाला मिळते, माळ्याला नाही.

नवा माळी शोधायची वेळ आलीच, तर आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांतल्या बाल्कन्या खालून बघा. जिची झाडं पावसाळ्यानंतरही तजेलदार दिसतात, तिथल्या वॉचमनला विचारा की माळी कोण येतो. नर्सरीवाल्याला विचारण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण नर्सरीवाला ज्याला पाठवतो त्याला त्याच नर्सरीतून माल घ्यावा लागतो. हिवाळ्याच्या शेवटी राणीच्या बागेत पालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथेही कामाची माणसं भेटतात. कृषी विद्यापीठाचं माळी प्रशिक्षण झालेला कुणी मिळाला तर चांगलंच. पण मला भेटलेले सर्वांत चांगले माळी कधी शाळेतही गेलेले नव्हते.

पहिल्या फेरीचे पैसे द्या आणि त्याला फक्त बाग दाखवा. चांगला माळी आधी माती चिमटीत धरून बघतो, पान उलटतो, कुंडी कलती करून भोक बघतो, आणि विचारतो, ‘इथे ऊन किती वाजता येतं?’ हा प्रश्न ज्याने विचारला त्याला मी अर्धा पास करतो. आल्या आल्या ‘सगळं काढावं लागेल, वीस कुंड्या नव्या आणतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. माती, खत, कुंड्या तुम्ही स्वतः मागवा. त्यानेच आणायचं असेल तर बिल घ्या आणि आणण्याच्या मेहनतीचे पैसे वेगळे, उघडपणे द्या. त्याने मालावर चार पैसे लपवून ठेवायचे आणि तुम्ही मनात संशय ठेवायचा, यात दोघांचंही नुकसान होतं.

पैशांचा एक आकडा मी सांगणार नाही, कारण मुलुंड आणि मलबार हिल इथला दर वेगळा, आणि एकाच इमारतीत त्याला चार घरं असतील तर तो कमी घेतो. हिशेब मात्र असा करता येतो. तुमच्या भागात कुशल कारागिराची एका दिवसाची मजुरी किती, ते विचारा. माळी सकाळी सात ते बारा-एकपर्यंत, ऊन चढायच्या आत, जास्तीत जास्त चार घरं करू शकतो. ४२ कुंड्यांना सव्वा ते दीड तास लागतो. म्हणजे तुमची एक फेरी त्या मजुरीच्या पाव हिश्शापेक्षा थोडी जास्त पडायला हवी. त्यापेक्षा फारच कमी सांगणारा माळी वीस मिनिटांत आटोपून पुढे जाणार. पूर्ण दिवसांचे पैसे वेगळे धरा. पावसामुळे लोकल बंद पडून तो आला नाही तर ती फेरी कापू नका, पुढच्या आठवड्यात घ्या. दिवाळीचं आधीच ठरवून टाका. आणि काही सोसायट्यांत कामाच्या माणसांना लिफ्ट नाकारतात. मातीचं पोतं घेऊन पाच मजले चढायला लावणं चुकीचं आहे, सेक्रेटरींशी तुम्ही बोला, त्याला बोलायला लावू नका.

दोन गोष्टी त्याच्याकडून कधीच करून घेऊ नका. ग्रिलच्या बाहेर किंवा छज्जावर उभं राहून काम करायचं नाही, तो स्वतःहून तयार असला तरी नाही. आणि खाली आवारातल्या झाडाची फांदी तुमचं ऊन अडवत असेल तर ती त्याच्याकडून कापून घ्यायची नाही. १९७५ च्या राज्याच्या झाडं जतन कायद्यानुसार त्यासाठी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज सोसायटीने करायचा.

आता सासूबाईंबद्दल. तुम्ही लिहिलंय की माळी येतो तेव्हा त्या आत बसून असतात, कारण त्यांना ते बघवत नाही. ताई, तुमच्या घरातला जाणता माळी त्याच आहेत. कुठल्या कुंडीत कधी काय घातलं, कुठला मोगरा कुणाच्या अंगणातून आणला, मार्चमध्ये ऊन कुठून आत येतं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला त्यांच्या जागी माणूस नको आहे, त्यांना वाकता येत नाही तेवढ्यापुरते हात हवे आहेत. पुढच्या फेरीला त्यांच्यासाठी बाल्कनीत खुर्ची ठेवा. हाताशी एक वही द्या, त्यात तारीख, कुंडी आणि काय केलं ते त्या लिहितील. माळ्याला सांगा, ‘आई सांगतील तसं करायचं.’ काही कुंड्या कमरेच्या उंचीच्या स्टँडवर चढवून घ्या, म्हणजे मंजिऱ्या खुडणं आणि बोट घालून ओल बघणं त्यांना उभ्यानेच जमेल. स्टँड बाल्कनीच्या भिंतीला लागून ठेवा, कठड्याशी नको. आणि त्यांना मोगऱ्याची जुनी जागा कुठली होती ते आजच विचारा. कुंडी हलली असेल तर परत तिथे ठेवा, कात्री बंद करा आणि पहिल्या पावसापर्यंत वाट बघा.